हातोड्याखालचं कुंकू

१

वडझरीच्या संग्रहालयातून हातोडा गेला, आणि सकाळचा चहा व्हायच्या आत गावानं चोर ठरवूनही टाकला. पोलिसांपेक्षा गाव नेहमीच तत्पर. त्याला ना पुरावा लागत, ना पंचनामा. आधीपासून नकोसा झालेला एक माणूस असला की भागतं.

तसा माणूस तयारच होता. शेजारच्या तांड्यावरचा प्रेम, हरिसिंग नायकाचा नातू.

मला हे कळलं प्रेमच्या आईकडून. जमनी आर्णीला माझ्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी कांदा चिरत होते, आणि रडत ती होती.

"बेबीताई, चाल. आत्ताच्या आत्ता चाल. पोरगं फौजेच्या भरतीत निवडलं. त्याच्या चालचलणुकीचा कागद ठाण्यात येऊन पडला हाय. अन् आज राजदीप मास्तर त्याच्यावर चोरी टाकून राह्यला! फौजदार म्हन्ते, संध्याकाळी गुन्हा नोंदवतो."

"चोरलं काय म्हन्ते?"

"हत्यार."

मी सुरी खाली ठेवली. पोलिसांत, याच भागातल्या ठाण्यातून मी जमादार म्हणून निवृत्त झाले. हा शब्द काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. सुताराचं वाकस हत्यार, गवंड्याची थापी हत्यार, मिस्तरीचा पाना हत्यार. पण तोच शब्द ठाण्याच्या कागदावर चढला की त्याची तलवार होते. दूर कुठंतरी बसलेला बाबू ‘हत्यार चोरी’ एवढंच वाचणार आणि प्रेमचं नाव खोडणार. तो काय विचारायला येतोय, की बाबा, तलवार होती की हातोडा?

"प्रेमनं नाई ना घेतला?" मी विचारलं.

जमनीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट पायात चपला घातल्या.

२

संग्रहालय म्हणजे बुद्धविहाराच्या आवारातली एक खोली. बाहेर अर्धं गाव जमलेलं. मला पाहताच कोणीतरी बोललंच, "घ्या, तांड्याची वकील आली!"

"वकिलाले फी लागते," मी म्हटलं, "मी फुकटची हाय. सरका बाजूले."

हे संग्रहालय राजदीप मास्तरनं उभं केलं, आपल्या आजोबांच्या नावानं. आजोबा उकंडा दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वर्कशॉपात मिस्तरी होते, इटलीपर्यंत गेले. तिथं एका नदीकाठच्या गावात तोफगोळ्यांचा कारखाना होता. जर्मन फौज तिथं माणसं धरून आणायची, बाया-पोरीसुद्धा, आणि कामाला जुंपायची. बॉम्ब पडून कारखाना जमीनदोस्त झाला, तेव्हा उकंडांनी ढिगाऱ्यातून हत्यारांची एक पेटी उपसून काढली. त्यातली अर्धी हत्यारं लष्कराच्या संग्रहालयात गेली, अर्धी घरी आली. घरी आलेल्यातला हा हातोडा. त्याच्या दांड्यावर त्या कारखान्यातल्या कुण्या पोरीनं खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं.

आता त्या इटलीतल्या गावानंही संग्रहालय काढलंय. तिथली बाई येत्या रविवारी हातोडा पाहायला येणार होती. खरा निघाला की हातोडा तिकडं मांडणार, आणि खाली पाटी लागणार: उकंडा, वडझरी, जिल्हा यवतमाळ. म्हणजे काय थोडीथोडकी गोष्ट नव्हती ती!

फौजदार आत उभा होता. नवा, कोल्हापूरकडचा, कडक इस्त्रीचा. "ताई, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"नोकरीतून झाली. डोळ्यानं नाई."

त्याला हसू आलं नाही. पण त्यानं मला अडवलंही नाही. काचेचं कपाट उघडं होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं. आत निळी मखमल अंथरलेली. खिडकीच्या उन्हानं ती विटून राखाडी झालेली, फक्त हातोडा जिथं पडून होता तिथं गर्द निळी राहिलेली. त्यामुळं हातोड्याचा अख्खा आकार मखमलीवर उमटला होता. वर आडवं तोंड, खाली दांडा, वरपासून शेवटपर्यंत एका जाडीचा, सरळसोट. आणि त्या गर्द निळ्या आकारावर, तोंडापासून दांड्यापर्यंत, कुंकू टाकलेलं.

"पाहिलंत?" फौजदार म्हणाला. "चोरानं आधी पूजा केली, मग उचलला. या प्रेमनं दसऱ्याला ह्याच हातोड्याची पूजा करायला ताट आणलं होतं. मास्तरांनी हाकलून दिलं. सगळं गाव साक्षीला आहे."

मी कपाटावरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं उकंडांचा मोठा केलेला फोटो. खाकी कपडे, खांद्यावर तोच हातोडा. दांडा मध्ये बारीक, मुठीशी फुगीर, त्यावर कोरलेलं नावही दिसणारं. मी फोटो पाहिला, मखमल पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"संध्याकाळपर्यंत थांबता ना, साहेब?"

"संध्याकाळपर्यंतच," तो म्हणाला. "नंतर मी ऐकणार नाही."

३

राजदीप मास्तर घराच्या ओट्यावर बसला होता. उंच, सडसडीत माणूस. बोलताना समोर पाचवीचा वर्ग बसलाय असं वाटतं.

"हे पाहा, जमादारीनबाई. आम्ही छप्पन्न साली देवधर्म सोडला. आवारात कुंकू चालत नाही, हे अख्ख्या तांड्याले मालूम हाय. तरी हा पोट्टा दसऱ्याच्या दिवशी कुंकवाचं ताट घेऊन येते! आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, मी शिडीवर चढून पताका लावून राह्यलो होतो. तिथूनच ओरडलो, कुंकू घेऊन चालता हो."

"काहून आनलं होतं त्यानं ताट?"

"म्हन्ते, पेटी त्याच्याबी पणजानं उपसली. बाबूसिंगनं. कोन बाबूसिंग? टरक चालवत होता तो. आमच्या आजाचं मोठेपण कोनाले पाहवलं आजपर्यंत?"

हे शेवटचं तो माझ्याशी बोलला नाही. कोणाशी बोलला, त्याचं त्यालाच ठाऊक.

"किल्ली कुठं राह्यते?"

"घरात. खिळ्याले. दार उघडंच असते दिवसभर, कोनीबी येते-जाते."

त्याचा धाकटा भाऊ संघदीप बाजेवर लोळून मोबाईल पाहत होता. यवतमाळला त्याचं दुकान आहे, कालच घरी आलेला. दोघा भावांत विस्तव जात नाही, हे गावात कोणाला विचारा.

"माह्यावर शक घ्या ना, ताई," तो दात काढून म्हणाला. "सारे घेतात. मी दादाले दोन वर्षांपासून सांगून राह्यलो, ते हातोडं त्या बाईले देऊन टाक, आपल्या खानदानाचं नाव होईल. तं हा कुंथून राह्यला. पयले हो म्हने. मंग बाईनं फोनवर सांगतलं, येतो अन् दांड्याचं लाकूड तपासतो, तवापासून याचं तोंड उतरलं. आता घ्या! रविवारी त्या बाईले काय दाखवू, मखमल?"

"दसऱ्याले तू होता का घरी?"

"नागपूरले होतो, दीक्षाभूमीवर. कुंकवाचं प्रकरण मले दादानंच फोनवर सांगतलं."

राजदीप ताडकन उठला. "लाकडाचं कायले काढतं तू इथं?"

"काहून? त्यात लपवासारखं काय हाय?"

राजदीपनं भावाकडं पाठ फिरवली. पायात जोडे घातले आणि तरातरा निघून गेला.

त्याची बायको दीपमाला चहा घेऊन आली. कप खाली ठेवताना बशी वाजली. दसऱ्याला तुम्ही कुठं होता, असं मी विचारलं, तर पदरानं हात पुसत म्हणाली, "घरात होती. मागच्या अंगाले, चुलीपाशी. मले काई मालूम नाई." आणि मी पुढचं काही विचारायच्या आतच पुन्हा म्हणाली, "काईच मालूम नाई, ताई."

मी तोवर दुसरं काही विचारलंच नव्हतं.

४

तांडा टेकडीच्या पलीकडं. हरिसिंग नायक लिंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा फेटा, पाठ ताठ. मला पाहून त्यांनी बस म्हटलं नाही.

"पोलीस म्हनून आली का मानूस म्हनून?"

"तुमच्या सुनेनं आनली म्हनून आली, नायक."

प्रेम झोपडीच्या दारात उभा होता. भरतीसाठी बारीक कापलेले केस, जबडा आवळलेला. तो आईवर खेकसला, "याडी, कायले आनलं हिले? हेबी तिकडलीच. सारे तिकडलेच हायेत. गुन्हा लागू दे, मी त्या मास्तरचं डोस्कंच फोडतो!"

"फोड," मी म्हटलं. "मंग भरतीवाल्याले काही विचारायचंच काम नाई. लेका, तुह्या आईनं सकाळपासून पान्याचा घोट घेतला नाई. जरा बैस अन् सांग, दसऱ्याले ताटात काय होतं?"

"भोग होता."

"कुंकू?"

त्यानं जमनीकडं पाहिलं. जमनीनंच उत्तर दिलं, "आमच्या घरी भोगाले कुंकू नसते, ताई. गवरीचा विस्तव, त्याच्यावर तूप अन् गूळ. धूर निंगाला, नाव घेतलं, झालं. ताट मीच भरून देलतं. वर झाकण होतं, वाऱ्यानं राख उडू नये म्हनून."

"झाकण होतं? मंग मास्तरले कुंकू दिसलं कुठून?"

"त्यानं पाह्यलंच कुठं!" प्रेम उसळला. "शिडीवरून ओरडला, कुंकू, कुंकू! मी म्हनतो, सर, भोग हाय, पणजोबाची याद म्हनून हाय. ऐकते कोन? साऱ्या गावासमोर हात धरून बाहेर काढलं. अन् मंग साऱ्या गावात तेच झालं, कुंकवाचं ताट, कुंकवाचं ताट."

हरिसिंग हळू आवाजात म्हणाले, "माहा बाप बाबूसिंग अन् उकंडा एका ताटात जेवले परमुलखात. भिंत पडाले आलती तवा दोघानं मिळून पेटी ओढली. आमी हातोडं नाई मागत. सालातून एक डाव धूर दाखवू द्या म्हनलं. तेवढंबी नाई."

मला एकच गोष्ट अजून हवी होती. "झाकण कोणी उघडलं होतं का? ताट आतून कोणी पाह्यलं का?"

प्रेम घुटमळला. मग म्हणाला, "एकीनं पाह्यलं. टेकडी उतरेपर्यंत विस्तव निवला होता. मी मागच्या दारानं जाऊन निखारे मागतले. तिनं झाकण काढून सोताच्या चुलीतले इंगळ चिमट्यानं ठेवले. पन ती कायले बोलते?"

"कोन ती?"

"दीपमाला वहिनी."

५

ऊन कलत आलं तेव्हा मी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं. फौजदार, दोघे भाऊ, दीपमाला, आणि हरिसिंग, जमनी, प्रेम. बाकी गाव खिडकीत लोंबकळत होतं. तांडेवाले एका भिंतीला, गाववाले दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये मी. दोन्ही बाजूंनी शिव्या खायला अगदी सोयीची जागा.

"साहेब, चोरानं आधी पूजा केली अन् मंग हातोडा उचलला, असं तुमी म्हनता. मंग कुंकू कुठं पडाले पाहिजे? हातोड्यावर. हातोडा गेला की कुंकूही त्याच्यासंगं गेलं. फार तं आजूबाजूले दोन कण सांडन. इथं पाहा. कुंकू हातोड्याखाली हाय. जी जागा त्यानं झाकून ठेवली होती, बरोबर त्या जागेवर. म्हनजे हातोडा पयले गेला, कुंकू मागून आलं."

फौजदार वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"पूजा करणारा मानूस कुंकू वस्तूले लावते, रिकाम्या जागेले नाही. हे ज्यानं केलं त्यानं जन्मात कशाची पूजा केली नाही. त्यात वाईट काही नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पन मंग तो तांड्यावरचा नाही. दुसरं, त्या दिवशी ताटात कुंकू नव्हतंच. विस्तव, तूप, गूळ होतं. प्रेमनं केलं असतं तं इथं राख सापडली असती. कुंकू टाकून प्रेमचं नाव पुढं कराचं, हे ज्यानं ताट पाह्यलं नाही त्याच्याच डोक्यात आलं."

"ताट तं मीबी नाई पाह्यलं," संघदीप म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"खरं हाय. पन तुले रविवारी हातोडा त्या बाईच्या हातात पाहिजे होता. हातोडा गेला की तुहा सारा खटाटोप पान्यात. प्रेमले भरतीत जाचं हाय, तो कायले अंगावर बला घेईल? ती बाई यायच्या आधी हातोडा नाहीसा झालेला कोनाले पाहिजे होता, तेवढं पाहा. तिले दांड्याचं लाकूड तपासाचं होतं. आता हा फोटो पाहा, दांडा मधात बारीक, मुठीले फुगीर. अन् मखमलीवर उमटलेला दांडा पाहा. सरळसोट. आपल्याकडं बाभळीचा घालतात तसा."

मी राजदीपकडं पाहिलं.

"दांडा बदलला हाय, मास्तर. त्यावरचं नावही तुमीच कोरलं, फोटोत पाहून. अन् बाई येऊन ते सांगन, म्हनून हातोडाच गायब केला."

राजदीप हसला. मोठ्यानं, वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हसतात तसा. "वा! कुंकू कुठं पडलं, दांडा कसा दिसते, झालं? साहेब, यात पुरावा काय हाय? मखमल आकसते. फोटो जुना हाय. ह्या बाईले तांड्यानं आनली. माही तक्रार हाय, लिहून घ्या."

आणि खरं सांगते, फौजदारानं माझ्याकडं पाहिलं तेव्हा माझ्यापाशी पुढचं काही नव्हतं. "ताई, तुमचं डोकं पटतं मला," तो म्हणाला. "पण डोकं कागदावर टिकत नाही. हातोडा नाही, साक्षीदार नाही. मला तक्रार नाकारता येणार नाही." त्यानं पेन काढलं. "प्रेम हरिसिंग. वय?"

"हरिसिंग आजा हाय त्याचा," जमनी कशीबशी बोलली.  प्रेमनं डोळे मिटून घेतले.

"साहेब, ते नाव नका लिहू."

दीपमाला होती. भिंतीपाशीच, पदर डोक्यावर घट्ट धरून.

"दीपमाला, घरात जा," राजदीप म्हणाला.

"घरातलंच सांगून राह्यली मी." तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "हातोडा आमच्या कुटाराच्या खोलीत हाय, कुटाराखाली. संगं कुंकवाची फोडलेली पुडी हाय. सकाळी बैलाले कुटार काढाले गेली तवा हाताले लागलं. अन् ताटात कुंकू नव्हतं. इंगळ मीच देलते, माह्या चुलीतले. त्या दिवशी यांनी पोराले हाकललं तवाबी मी गप होती. आजबी सकाळपासून गपच होती."

संघदीप धावत गेला. हातोडा घेऊन आला, कुटाराची धूळ माखलेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजदीप दाराच्या पायरीवर बसला.

"वाळवीनं खाल्ला होता दांडा," तो म्हणाला. "पेटी उघडली तं हातात नुसता भुगा आला. कोनाले सांगाचं? आमचं एक खोटं निघालं का लोक सारंच खोटं म्हनतात. लढाईत गेलता हे खोटं, पेटी आनली हे खोटं, आजाच खोटा! तुमाले कोनाले नाई समजनार ते."

 तो म्हणाला ते अगदी खरं होतं. पण मला रागही आला. "समजते, मास्तर. अन् तेच तुमी ह्या पोरासोबत केलं. त्याचं एक खोटं बनवलं, म्हनजे सारा तांडा चोर."

हरिसिंगांनी हातोडा हातात घेतला, तोंडावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि संघदीपला परत दिला. "लोखंड तेच हाय. बाईले खरं सांगा. दांडे बदलत राह्यतात." मग राजदीपकडं वळले. "पन मास्तर, माह्या नातवाले तुमी चोर म्हनलं. ते मी इसरनार नाई. मरेपर्यंत नाई."

 प्रेम पायरीवरच्या राजदीपला ओलांडून गेला आणि जाताना थुंकला. मी त्याला रागावले नाही. जमनी दीपमालापाशी थांबली. मला वाटलं, हात धरेल. पण ती म्हणाली, "दसऱ्यालेच बोलली असती तं?"

"बोलाले पाहिजे होतं," दीपमाला म्हणाली.

फौजदारानं तिचा जबाब लिहून घेतला. राजदीपला सांगितलं की खोट्या तक्रारीचं प्रकरण होईल, शाळेलाही कळवावं लागेल. तिनं ते सगळं ऐकलं. नवऱ्याची नोकरी जाणार म्हणजे आपल्या घराचं काय होणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी सही करताना तिनं पेन मागं घेतलं नाही.

गाव पांगलं. मला आर्णीची शेवटची जीप धरायची होती, पण पाय निघेना. राजदीप अजून पायरीवरच होता, मान खाली. भाऊ त्याच्याजवळ फिरकला नाही. गावातलं एक माणूस फिरकलं नाही, सकाळी सगळे त्याच्याच बाजूचे असून.

दीपमाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो वर पाहीना.

"उठा," ती म्हणाली. "दोन घास खाऊन घ्या. मंग तांड्यावर जाऊ."

"ते दारात उभं करनार नाई मले."

"नाई करू दे. आपन दाराबाहेर उभं राहू."